भाचीबाईंचे खड्डे

गेल्या दिवाळीपर्यंत आमच्या घराण्यात हिप डिप कुणालाच नव्हते. मधुमेह होता, सांधेदुखी होती, एका काकांना जमिनीच्या खटल्याची जुनी व्याधी होती. पण कमरेखाली, मांडीच्या वर, बाजूला जो किंचित खोलगट भाग असतो त्याला नाव आहे आणि तो लपवायचा असतो, हे माझ्या १९ वर्षांच्या भाचीने रीलमध्ये पाहिलं तेव्हा आम्हाला कळलं. त्या रात्री मीही बाथरूमचं दार लावून आरशात वळून पाहिलं. आहेत.

खरं म्हणजे तो खड्डा हाडांचा. कमरेचं हाड आणि मांडीचं हाड यांची ठेवण जशी तुमच्या वाट्याला आली तसा तो दिसणार. व्यायामाने स्नायू बळकट होतील, सांगाडा काही सरकणार नाही. हे मी तिला समजावून सांगितलं.

"मामा, एक मुलगी १० दिवसांत घालवून दाखवते."

पुण्याचे रस्ते बघत लहानाची मोठी झालेली मुलगी खड्डे १० दिवसांत बुजतात यावर विश्वास ठेवते, आता काय बोलणार!

तिचा दिवस वजनकाट्यावर उगवतो. काट्यावर चढण्याआधी ती कानातले डूलसुद्धा काढून ठेवते. मग स्वयंपाकघरातला छोटा काटा, त्यावर पोळी. आईने तूप लावलं की ती काट्याकडे न बघता आईकडे बघते. पाणीपुरीचं वजन करताना मात्र मी तिला कधी पाहिलेलं नाही. उभ्याने खाल्लेलं धरत नसावेत.

१०,००० पावलांचं तर व्रतच. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातून आलेला. कंपनीने ठेवलेलं नाव आमच्या घरात वेदवाक्य झालं आहे. एका संध्याकाळी २,००० पावलं कमी पडत होती, तेव्हा तिने घड्याळ आजीच्या मनगटावर बांधून तिला भजनाला धाडलं. आजी जागेवरून हलली नाही, नुसत्या टाळ्या वाजवत होती. गवळणीपर्यंत कोटा पूर्ण.

बरं, तक्रार एका जागी टिकेल तर शपथ. दंड झाले की हनुवटी, हनुवटी झाली की पोटऱ्या. फोन रोज नवा अवयव शोधून देतो आणि ही त्याच्यावर रुसते.

मागच्या महिन्यात तिने मला फोटोग्राफर नेमलं. 'आधी'चा फोटो ट्यूबलाइटखाली: खांदे पाडलेले, पोट सैल सोडलेलं, चेहऱ्यावर सुतक. मग केस बांधले, श्वास आत ओढला, खिडकीशी तिरपी उभी राहिली. हा 'नंतर'. मध्ये १२ मिनिटं गेली, त्यातली ४ माझा अंगठा फोटोत येत होता म्हणून. खाली तिने लिहिलं: १२ आठवडे.

परवा रात्री ताट तसंच ठेवून ती फोनमध्ये डोकं घालून बसली होती. आज कुणाचं पोट, म्हणून मी वाकून पाहिलं. खिडकी ओळखीची होती. कोपऱ्यात माझ्या अंगठ्याची कडही होती.

"मामा, अशी फिगर पाहिजे," ती म्हणाली.