कालपर्यंत चालत होतं

पर्लची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाची पहिली दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘कालपर्यंत चालत होतं’ आणि ‘मी कशालाही हात लावलेला नाही’. त्यावर मी चष्मा पुसतो आणि विचारतो, ‘नवा कॉम्प्युटर कधी आला?’ माणूस चपापतो. ‘आज सकाळी. पण त्याचा इथे काय संबंध?’

संबंध असा, की आमच्या कचेरीत महिनाअखेरचे सगळे आकडे पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या जुन्या स्क्रिप्ट जुळवतात, आणि पर्ल नव्या कॉम्प्युटरबरोबर आपोआप येत नाही. त्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांपैकी एक गृहस्थ कॅनडात गेले आणि दुसरे अध्यात्मात गेले. फोन दोघंही उचलत नाहीत. उरलो मी. मला पर्लचा राग येत नाही, एवढ्या एका पात्रतेवर हे खातं माझ्या गळ्यात पडलं.

लॅरी वॉल यांनी 1987 साली पर्ल जगापुढे ठेवलं ते युनिक्स या प्रणालीवर. आमच्याकडे मात्र विंडोज. चांगल्या प्रोग्रामरच्या अंगी आळस, उतावीळपणा आणि घमेंड हे तीन गुण हवेत, असं वॉल यांचं म्हणणं. आमच्या कचेरीत हे तिन्ही गुण शिपायापासून साहेबांपर्यंत ओसंडून वाहतात. प्रोग्रामर तेवढा एकही निपजलेला नाही.

सगळ्यांत लाडकी तक्रार म्हणजे ‘खिडकी लुकलुकते आणि जाते’. स्क्रिप्टवर डबल-क्लिक केलं की एक काळी खिडकी उघडते आणि पापणी लवायच्या आत मिटते. माणूस पुन्हा डबल-क्लिक करतो, या वेळी जरा जोरात. मग आणखी जोरात. वास्तविक काय चुकलं ते पर्लने ओळीच्या क्रमांकासकट सांगितलेलं असतं. पण कार्यक्रम संपला की विंडोज खिडकी लावून घेतं, आणि मधेच कोसळणं हाही त्याच्या लेखी संपण्याचाच एक प्रकार. उपाय साधा आहे. कमांड प्रॉम्प्ट आपण स्वतः उघडायचा आणि स्क्रिप्ट त्यात नाव टाइप करून चालवायची. आपण उघडलेली खिडकी आपण बंद करेपर्यंत हलत नाही. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. डॉक्टरकडे गोळी मागायला जावं आणि त्याने रोज चालायला सांगावं, तसं त्यांना होतं.

चालायला लागल्यावर पुढचा खड्डा येतो. विंडोज म्हणतं, पर्ल नावाची अंतर्गत किंवा बाह्य अशी कोणतीही आज्ञा मला ठाऊक नाही. म्हणजे एकतर पर्ल बसवलेलंच नाही, किंवा बसवलंय पण त्याचा पत्ता ‘पाथ’ नावाच्या यादीत नाही. विंडोज शेजारीपाजारी चौकशी करत नाही. कधी याच्या नेमकं उलट होतं. एक नवा मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, ‘काका, मॉड्यूल पुन्हापुन्हा बसवलं, तरी पर्ल म्हणतं सापडत नाही.’ त्याला ‘वेअर पर्ल’ टाइप करायला लावलं, तर दोन पत्ते आले. एक त्याने बसवलेलं स्ट्रॉबेरी पर्ल, आणि दुसरं गिट नावाचं सॉफ्टवेअर बसवताना सोबत आलेलं. मॉड्यूल एकाकडे पोचत होतं आणि हाकेला ओ दुसरं देत होतं. यादीत जो आधी, तो ओ देतो. मुलगा म्हणाला, ‘म्हणजे पर्ल खरं बोलत होतं?’ पर्ल नेहमीच खरं बोलतं. लोकप्रिय होण्याचा तो मार्ग नव्हे.

मग हिशेब विभागातली एक मुलगी आली. ‘सी:\टेंप\न्यूज’ या पत्त्यावरची फाइल उघडत नव्हती. म्हटलं, पत्ता आधी पडद्यावर छापून बघ. इंग्रजीत लिहिलेला तो पत्ता छापून आला तो असा: ‘सी’, मग लांबलचक मोकळी जागा, मग ‘एम्प’, आणि खालच्या ओळीवर एकटंच ‘ईडब्ल्यूएस’. ती म्हणाली, ‘काका, पर्लने आपल्याला आर्थिक दुर्बल घटकात टाकलं!’ प्रत्यक्षात इतकंच झालं होतं, की दुहेरी अवतरणात बॅकस्लॅशच्या पुढे टी आला की पर्ल त्याचा टॅब करतं आणि एन आला की नवी ओळ. ‘टेंप’चा टी आणि ‘न्यूज’चा एन असे दोघंही कामी आले होते.

आता पत्त्यात बॅकस्लॅश आला कुठून? विंडोजचा पूर्वज असलेल्या 1981 च्या एमएस-डॉसमध्ये फोल्डर ही चीजच नव्हती. साधा स्लॅश तेव्हा आज्ञांचे पर्याय सांगण्यात खर्ची पडला होता. 1983 मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा शिल्लक होता तो बॅकस्लॅश. गंमत अशी, की पर्लमध्ये पत्ता साध्या स्लॅशने लिहिला तरी विंडोज तो निमूट स्वीकारतं. हे ऐकून ती म्हणाली, ‘मग इतकी वर्षं आपण उलटा का लिहितोय?’ म्हटलं, ‘आधीच्या साहेबांनी तसा लिहिला होता म्हणून.’ हे उत्तर तिला लगेच पटलं. हिशेब विभागात तिला बरीच वर्षं झाली आहेत.

ओळ संपण्याचा मामला याहून जुना. टेलिप्रिंटरमध्ये छापणारा भाग डावीकडे परत नेणं ही एक खूण होती आणि कागद वर सरकवणं ही दुसरी. युनिक्सने दोनातली एक ठेवली, विंडोजने दोन्ही. त्यामुळे विंडोजवरचं पर्ल वाचताना दोनाची एक करतं आणि लिहिताना एकीच्या दोन. मजकुराला हे मानवतं. पण याच रीतीने फोटोची नक्कल काढली, की जिथे जिथे कागद सरकवण्याच्या खुणेचा आकडा एकटा दिसेल तिथे पर्ल एक जादा घुसवतं, आणि साहेबांचा सत्काराचा फोटो उघडेनासा होतो. त्यात कंट्रोल-झेडची भर. सीपी/एम या डॉसहून जुन्या प्रणालीत फाइलची लांबी 128 बाइटच्या ठोकळ्यांत मोजत, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते दाखवायला ही खूण टाकत. मधेच ती आली तर विंडोजवर फाइल तिथेच संपली असं धरलं जाईल, असं पर्लची कागदपत्रं अजूनही बजावतात. 1996 मध्ये पीएनजी हा चित्रांचा प्रकार ठरवणाऱ्यांना हे सगळं पाठ होतं. त्यांनी प्रत्येक फाइलच्या पहिल्या आठ बाइटांत टेलिप्रिंटरच्या दोन्ही खुणा, एक कंट्रोल-झेड आणि वर आणखी एक नवी ओळ मुद्दाम पेरून ठेवली. कोणी वाटेत हात मारला तर दारातच कळावं म्हणून. पर्लमध्ये यावर ‘बिनमोड’ असा एक शब्द लिहिला की फाइल मोडत नाही.

या सगळ्यात चूक कोणाचीच नसते. प्रत्येक जण आपापल्या काळात शहाणपणानेच वागलेला असतो. टेलिप्रिंटर भंगारात गेला, सीपी/एम विस्मरणात गेलं, पण त्यांचे निर्णय अजून सेवेत आहेत. त्यांना निवृत्तीचं वय नाही.

पर्लमध्ये फाइल उघडणाऱ्या ओळीपुढे ‘ऑर डाय’ लिहायची पद्धत आहे. म्हणजे फाइल उघडली नाही तर कारण सांगून तिथेच प्राण सोड. आमच्या स्क्रिप्टमध्ये ते शब्द नव्हते, कारण लिहिणारे गृहस्थ तेव्हाच अध्यात्माकडे झुकले होते आणि मृत्यू मानत नव्हते. परिणामी फाइल न सापडताही स्क्रिप्ट प्रसन्न मुद्रेने शेवटपर्यंत चालली आणि महिन्याचा एकूण खर्च शून्य रुपये आला. साहेबांनी विभागाचं अभिनंदन केलं.

शेवटचं दुखणं खास आपलं. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काळी खिडकी जुन्या कोड पेजवर असेल, तर ती प्रत्येक बाइटचं वेगळं चिन्ह काढते. ‘कुलकर्णी’ या आडनावात उकार-वेलांटी-हलन्त धरून आठ चिन्हं, म्हणून पडद्यावर 24 अगम्य खुणा उमटतात. ‘सीएचसीपी 65001’ टाइप केलं की खिडकी यूटीएफ-8 वर येते, पण वेलांटी अक्षरावर बसेल की शेजारी, हे खिडकीवर आणि फॉन्टवर अवलंबून. एका कुलकर्णींनी ते 24 खुणांचं नाव पाहून विचारलं, ‘पगार तरी मराठीत आहे ना?’

हे सगळं पाहून मघाचा तो नवा मुलगा म्हणाला, ‘काका, पर्ल जुनं झालं. मी सगळं पायथनमध्ये लिहितो.’ मी आनंदाने परवानगी दिली. त्याने खरोखरच झपाटून काम केलं. कार्यक्रम सुटसुटीत, नावं वाचता येण्याजोगी, दर चार ओळींवर टीप. चालवला, तर फाइल उघडेना. त्याने आपण होऊन पत्ता पडद्यावर छापला. ‘सी’, मोकळी जागा, ‘एम्प’, आणि खालच्या ओळीवर ‘ईडब्ल्यूएस’.

‘काका, आता तर भाषासुद्धा बदलली!’

म्हटलं, ‘भाषा बदलली रे. फोल्डर तेच आहे.’