आक्षेप

दुपारी दोन ते चारच्या दरम्यान अण्णांकडे गेलं, की काकू दारातच ओठांवर बोट ठेवतात. झोपलेत का, असं खुणेनं विचारलं तर मान हलवून पुटपुटतात, “नाही हो. दिल्लीचा आलाय.”

आत पाहावं तर अण्णा घरच्या बनियनवर, पण चष्मा, पेन आणि कपाळावरची आठी थेट ऑफिसातली. फोन पानाच्या डब्याला टेकवून उभा केलेला, स्पीकर चालू. पुढ्यात लाल कापडी बांधणीचं लांबडं रजिस्टर. पलीकडून कुणी तरुण, गोड आणि घाईतला आवाज सांगत असतो, की सर, आपकी पुरानी पॉलिसी में तीन लाख चौरासी हजार का बोनस पडा हुआ है, बस रिलीज करना बाकी है. यावर तुम्ही-आम्ही एक तर फोन ठेवू, नाही तर कान टवकारू. अण्णा तिसरंच करतात. पेनचं टोपण काढून म्हणतात, “इनवर्ड नंबर बोलो.”

अण्णांनी ३६ वर्षं विम्याच्या क्लेम खात्यात काढली. एवढ्या वर्षांत पहिल्या खेपेला त्यांनी कुणाचा फॉर्म घेतल्याचं साताऱ्यात कुणी पाहिलेलं नाही. माझ्या मामाच्या मुदत संपलेल्या पॉलिसीचे पैसे मिळायला अकरा महिने लागले, कारण पॉलिसीवर ‘दत्तात्रय’ होतं आणि पासबुकावर ‘दत्तात्रेय’. मामानं प्रतिज्ञापत्र आणलं, तर नोटरीचा शिक्का पुसट. शिक्का ठळक करून आणला, तर डिस्चार्ज व्हाउचरवरची सही रेव्हेन्यू स्टॅम्पवरून आडवी जायची ती शेजारून गेलेली. मामा शेवटपर्यंत म्हणायचा, यम न्यायला आला तरी हा माणूस त्याला दोन प्रती घेऊन या म्हणून परत पाठवील.

अशा माणसाला निवृत्ती मानवत नाही. सोसायटीच्या जमाखर्चात, दूधवाल्याच्या हिशेबात, भाच्याच्या लग्नपत्रिकेत त्रुटी काढून काढून किती काढणार? काकू सांगतात, त्या दिवसांत अण्णा वाणसामानाच्या यादीवरसुद्धा ‘पूर्तता करून सादर करावे’ असा शेरा मारायचे. तोंडाची चव गेलेली, वजन उतरलेलं. आणि मग एके दुपारी, ज्याला अण्णांकडून पैसे मंजूर करून हवे आहेत असा एक माणूस आपण होऊन फोनवर आला.

हा धंदा कसा चालतो ते मला अण्णांनीच समजावलं. खोट्याचा पाया खऱ्याचा असतो. विमा कंपन्यांकडे दावा न केलेले पैसे खरोखर पडून असतात. दहा वर्षं कुणी मागितले नाहीत, तर ते ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, हेही खरं. हे अर्धवट कानावर असलेला निवृत्त माणूस फोनवर आपलं नाव, पॉलिसी क्रमांक, हप्त्याची रक्कम अचूक ऐकतो आणि विरघळतो. “अहो, माहिती बरोबर आहे म्हणून माणूस खरा कसा?” अण्णा म्हणतात. “माहिती चोरलेली असली तरी बरोबरच असणार. चोरानं नेलं म्हणून मंगळसूत्र खोटं होतं का?”

पुढची पायरी ठरलेली. बोनस सुटायला आधी थोडं भरावं लागतं. कधी त्याला फाइल चार्ज म्हणतात, कधी एनओसी, कधी टीडीएस. एक नामी प्रकार ‘एजंट कोड’चा : तुमच्या पॉलिसीचं कमिशन इतकी वर्षं एजंट खातोय, त्याचा कोड काढला की ते तुम्हाला मिळेल. आपल्या एजंटावर आपला राग असतोच, त्यामुळे हा बाण सहसा चुकत नाही.

एका दुपारची कामगिरी मी जातीनं ऐकली.

“सर, मैं इन्शुरन्स लोकपाल ऑफिस, दिल्ली से बोल रहा हूँ.”

“दिल्ली? हमारा सातारा तो पुणे लोकपाल के अंडर में आता है. फाइल ट्रान्स्फर किया उसका पत्र क्रमांक बोलो.”

“सर, आपका केस स्पेशल है.”

“लोकपाल के पास पार्टी जाती है. लोकपाल पार्टी को ढूंढते नहीं घूमता. मेरा तक्रार अर्ज कौनसे तारीख का है?”

“सर, आपको पैसा चाहिए कि नहीं?”

“चाहिए ना. इसलिए तो पूछता है.”

या धंद्यात अडलं की ‘सीनियर’ येतो. इथेही आला. आवाज जाड, मागे पंधरा-वीस फोन वाजल्याचा गोंगाट. तो म्हणाला, आपण विमा नियामक प्राधिकरणातून बोलतोय आणि रकमेवर अठरा टक्के जीएसटी आगाऊ भरावा लागेल. अण्णांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या नातवाच्या मुंजीतही पाहिलं नव्हतं. प्राधिकरणाचं मुख्य कार्यालय हैदराबादला, ते पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, कुणाचे हप्ते गुंतवत नाही, हे त्यांनी आधी सावकाश सांगितलं. मग जीएसटीकडे वळले. व्यक्तिगत आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. आणि होता तेव्हा हप्त्यावर होता, क्लेमच्या रकमेवर कधीच नव्हता. “परिपत्रक पढ़ो,” अण्णा म्हणाले, “और पूर्तता करके वापस फोन करो.”

सीनियरनं अण्णांच्या मातोश्रींचा उल्लेख केला आणि फोन आपटला. अण्णांनी घड्याळ पाहिलं आणि रजिस्टर ओढलं. रकाने आखलेले : अनुक्रमांक, दिनांक, वेळ, सांगितलेलं नाव, मागणी, घेतलेला आक्षेप, शेरा. शेवटच्या रकान्यात सुबक अक्षरांत लिहिलं, ‘पार्टीने शिवी दिली. नोंद घेतली.’

सगळ्याच नोंदी अशा नाहीत. एका पानावर ‘मागणी’च्या रकान्यात एकच शब्द आहे : ‘खरी’. तो पोरगा चाळीस मिनिटं अण्णांचे आक्षेप झेलून दमला आणि अचानक आवाज खाली आणून म्हणाला, अंकल, आपको सब मालूम है, मेरे पापा का सच में एक क्लेम अटका हुआ है, क्या करूँ? वडील गेलेले, पॉलिसीवर वारस म्हणून आजीचं नाव, आजी त्यांच्या आधीच गेलेली. अण्णांनी त्याला नॉमिनी हयात नसेल तर कोणते कागद लागतात, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे कसं लिहायचं, त्यानं दाद दिली नाही तर लोकपालाकडे कसं जायचं आणि तिथे एक पैसाही फी नसते, हे सगळं लिहून घ्यायला लावलं. पुन्हा वाचूनही घेतलं. मी विचारलं, “चोराला मदत?” तर म्हणाले, “चोर तो दोन ते चार. क्लेम चोवीस तास क्लेम असतो.” पुढे शेरा आहे : ‘कागद अपुरे. पाठवून दिले.’

आता इथे जरा थांबून बजावतो, अण्णांची नक्कल कुणी करू नये. असा फोन आला की ठेवून द्यावा, हेच बरोबर. बोलत राहिलं की हा नंबर जिवंत आहे, घरी दुपारी म्हातारा माणूस असतो, एवढं त्यांना फुकट कळतं. अण्णांच्या मुलीनं हे पुण्याहून दहादा सांगितलं. तिनं फोनवर ‘संचार साथी’ उतरवून दिलं, त्यातल्या ‘चक्षू’वर अशा नंबरांची तक्रार कशी करायची ते दाखवलं. अण्णा तक्रार करतात. पण सुनावणी झाल्यावर. ऐकून न घेता फेटाळणं त्यांच्या ३६ वर्षांच्या नोकरीत बसत नाही.

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितोय, पण मला अण्णांकडे जावं लागलं ते ऐकायला म्हणून नव्हे. मी वाणिज्य महाविद्यालयात २८ वर्षं बँकिंग आणि विमा शिकवला. विम्यातलं परम विश्वासाचं तत्त्व फळ्यावर इतक्यांदा लिहिलं, की खडूनं आपोआप लिहिलं असतं. ते तत्त्व मी गेल्या डिसेंबरात फोनवरच्या एका इसमाच्या बाबतीत तंतोतंत पाळलं.

माझी २००९ ची एक पॉलिसी तीन हप्ते भरून बंद पडली होती. इसमाला ते ठाऊक होतं, हप्ताही ठाऊक होता. आधी ७,२०० रुपये फाइल चार्ज, तो यूपीआयनं कुणा भलत्याच माणसाच्या नावावर गेला. मग ‘सिक्युरिटी’ म्हणून ४८,५०० ची नवी पॉलिसी, बोनस सुटला की हीही सुटेल म्हणे. यातली कला बघा : ही पॉलिसी खरी असते. खऱ्या कंपनीची, खऱ्या छापाची. मधल्यांना त्यावर खरं कमिशन मिळतं. इसमानं सांगितलं, कंपनी से व्हेरिफिकेशन कॉल आएगा, सब में हाँ बोलना, कोई बोनस का वादा किया क्या पूछे तो ना बोलना, वरना फाइल रिजेक्ट. फोन आला. एका मुलीनं अतिशय स्वच्छ मराठीत विचारलं, आपल्याला बोनस, कर्ज किंवा इतर कोणतंही आमिष दाखवलं आहे का? मी तितक्याच स्वच्छ मराठीत सांगितलं, नाही. परीक्षेत पोरांना मी याहून कठीण प्रश्न घालत असे.

पॉलिसी मेलवर आली. उघडून वाचली, तर दर वर्षी ४८,५००, अशी दहा वर्षं भरायची. त्रेसष्टाव्या वर्षी. इसमाचा फोन बंद. घरी सांगायची सोय नव्हती. तीन दिवस देवळात जाऊन आलो. मग सकाळी सकाळी अण्णांकडे.

अण्णांनी ना सांत्वन केलं, ना ‘तुम्ही सुद्धा सर?’ म्हणाले. पहिला प्रश्न : “पॉलिसी हातात कधी आली?”

“अकरा दिवस झाले.”

“मग रडायला अजून एकोणीस दिवस आहेत. आधी अर्ज लिहा.”

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती नको म्हणून परत करता येते. त्याला फ्री लुक म्हणतात. मुदत पूर्वी १५ दिवसांची होती, २०२४ मध्ये वाढली. हे मला माहीत असायला हवं होतं. मी निवृत्त झालो तेव्हा पुस्तकात १५ च होते, एवढीच माझी सबब.

अर्ज लिहिला. चार पानी. फसवणूक कशी झाली, समाज कुठे चालला आहे, शिक्षकाच्या पेन्शनीवर डोळा ठेवणाऱ्यांना काय म्हणावं, असा चढत्या सुरात. अण्णांनी शांतपणे वाचला आणि परत दिला. “गाऱ्हाणं नको. ते दुसऱ्या कागदावर, तक्रार म्हणून. इथे फक्त अटी मान्य नाहीत, रद्द करा, पैसे परत करा.” दुसरा लिहिला. परत. पॉलिसी मिळाल्याची तारीख नव्हती. तिसऱ्यात तारीख होती, पण मराठी अर्जाखाली इंग्रजी सही होती आणि ती प्रस्तावावरच्या सहीशी जुळत नव्हती. मला मामाची आठवण झाली, डोळ्यांत पाणी आलं. चौथा अर्ज त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला, रद्द केलेला चेक जोडला, मला घेऊन शाखेत आले आणि खिडकीतल्या मुलीकडून पोचेवर शिक्का, तारीख, सही तिन्ही मिळेपर्यंत हलले नाहीत. मुलगी म्हणाली, काका, मेल केला असता तरी चाललं असतं. अण्णा म्हणाले, “तोही केलाय.”

७,२०० साठी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला. “हा फोन पैसे गेल्या तासात करायचा असतो,” अण्णा म्हणाले, “इतक्या दिवसांनी नाही.” तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. तो माझ्याकडे आहे, पैसे अजून नाहीत. पॉलिसीचे मात्र आले. मुद्रांक शुल्क आणि जेवढे दिवस माझा जीव विमाछत्राखाली होता तेवढ्या दिवसांचा जोखीम हप्ता कापून ४८,११६. कापलेले ३८४ बरोबर आहेत का, हे अण्णांनी कंपनीला पत्र घालून विचारलं आहे.

परवा पेढे घेऊन गेलो. दोन वाजून गेले होते. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. अण्णा फोनवर होते, रजिस्टर उघडं होतं. ते बोलण्यात गुंतलेले पाहून मी मागची पानं चाळली. डिसेंबरातल्या एका पानावर माझं नाव, अनुक्रमांक २१२. दूरध्वनी आलेला नसताना केलेली ही एकच नोंद. मागणी, आक्षेप, सगळे रकाने व्यवस्थित भरलेले. शेवटी शेरा :

‘पार्टी सुशिक्षित. विषय शिकवलेला. तरीही.’