जांघेतला धक्का

अँजिओग्राफी झाल्यापासून माझ्या हृदयाला आगरदांड्यात फार मान मिळू लागला आहे. वाटेत कोळणी टोपली खाली ठेवून विचारतात, "काका, हार्ट बरा हाय ना?" हृदय ठणठणीत आहे. त्याच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. दुखतो तो पाय. पण पायाची चौकशी करायला कुणी शहाळं घेऊन येत नाही. मी 'उजवा पाय' म्हणून सुरुवात केली की ऐकणाऱ्याची नजर हळूहळू खाडीपलीकडे दिघीला लागते.

मनगटातली धमनी बारीक आणि नागमोडी निघाली, म्हणून नळी जांघेतून घालावी लागली. तिथे बाहेरून आत येताना आधी मज्जातंतू, मग धमनी, मग शीर, अशी तिघं खेटून राहतात. काम होतं मधल्या घरी. नळी काढल्यावर दाब दिला, वाळूची पिशवी ठेवली, पाय सरळ ठेवून मी कितीतरी वेळ छताकडे बघत पडलो. तरी आत थोडं रक्त साकळलं आणि त्याचा भार शेजाऱ्यावर पडला. गंमत अशी की टोचलं जांघेत आणि कळ उठते घोट्याच्या आतल्या अंगाला, कारण त्या मज्जातंतूची एक फांदी पोटरीवरून थेट पावलापर्यंत उतरते. रात्री चादरीची कड जरी लागली, तरी पायावरून साळिंदर चालत गेल्यासारखं वाटतं.

१९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डेच्या रुग्णालयात व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तसाच चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्या हृदयाची कीर्ती जगभर झाली. त्या हाताला त्या रात्री झोप लागली का, हे कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. असले विचार मला रात्री दोनच्या सुमारास सुचतात.

आमच्या गावाचं तरी वेगळं काय आहे? मुंबई-पुण्याची माणसं येतात, काच खाली करून "जंगल कधी सुटणार?" एवढंच विचारतात, गाडी त्या 'जंगल' म्हणजे फेरीबोटीवर चढवतात आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वराकडे निघून जातात. खाडीचा वळसा वाचतो, म्हणून आगरदांड्याची आठवण. फोटोत किनारे येतात, धक्का येत नाही. लहानपणी लाँचने दिघीला मावशीकडे जाताना आई पुढे तोंड करून बसायची. मी मात्र मागे बघायचो. दोर सोडला, लाँच दूर गेली, तरी तो ज्याला बांधलेला असे तो जुना लाकडी खांब थोडा वेळ थरथरत राहायचा. ते बघणारं माझ्याखेरीज कुणी नसे. आता माझी मांडी तशी थरथरते, आणि तिच्याविषयी मला थोडी माया वाटू लागली आहे.

डॉक्टरांनी रात्रीला प्रेगाबॅलिन दिलं आहे. दिवसा झेपेल तेवढं चाला म्हणाले. दुखावलेला मज्जातंतू बहुतेक वेळा काही आठवड्यांत, नाहीतर काही महिन्यांत सावरतो. गोळीने झोप येते, आणि कळही जराशी पेंगते. तुमची नळी जांघेतून गेली असेल, तर असली चुरचुर धीराने घ्या. पण जांघेतली सूज वाढू लागली, पाऊल गार पडलं किंवा चालताना गुडघा दगा देऊ लागला, तर शेजाऱ्यांचे सल्ले आणि तेलाच्या बाटल्या बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.