उलटून बघणारे

दसरा झाला, परतीचा पाऊस एकदाचा परतला आणि दिवाळीला अजून पंधरवडा बाकी आहे, अशा दिवसांत ठाण्या-डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत कुठल्या ना कुठल्या मैदानावर बांबू उतरतात. दोन दिवसांत मंडप उभा राहतो, चिखल झाकायला प्लायवुडच्या फळ्या टाकल्या जातात आणि फाटकावर फ्लेक्स लागतो : ‘हस्तकला व चित्रकला महोत्सव. प्रवेश विनामूल्य.’ यातले शेवटचे दोन शब्द वाचून येणाऱ्यांची संख्या मोठी असते. पण आमचे गृहस्थ त्यांतले नव्हेत. तिकीट असतं तरी ते आले असते, फक्त ‘ज्येष्ठ नागरिकांना किती?’ एवढं विचारून.

वय साठीच्या पुढचं. अंगात खादीचा झब्बा, इस्त्री न केलेला, पण मुद्दाम न केलेला. खांद्याला शबनम, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आयुष्यभर नोकरी कुठे केली असं विचारलं तर म्हणतात, ‘पोटासाठी केली.’ म्हणजे खरा माणूस वेगळाच होता आणि तो निवृत्तीनंतर बाहेर आला, असं आपण समजून घ्यायचं. दुपारी चारला महोत्सव उघडतो. चारला पाच कमी असताना हे फाटकाशी हजर. उद्घाटनाच्या भाषणांना ते थांबत नाहीत, कारण दीपप्रज्वलन होईपर्यंत स्टॉलवाल्यांना रिकामा वेळ असतो आणि तो वाया जाऊ नये अशी यांची तळमळ असते.

गर्दीत त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. बाकीची माणसं वस्तू हातात घेतात आणि तिची पुढची बाजू बघतात. हे मागची बघतात. मडकं असलं तर बूड, भरतकाम असलं तर उलटी बाजू, चित्र असलं तर फ्रेम भिंतीपासून हलकेच सुटी करून मागचा कॅनव्हास. चिनीमातीच्या स्टॉलवर यांनी फुलदाणी उलटी धरली की मालकिणीचा जीव तिच्याबरोबर उलटा होतो. ‘पुढून काय हो, सगळंच छान दिसतं,’ हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते इतकं पक्कं आहे की बचतगटाच्या स्टॉलवर थालीपीठ मिळालं तरी आधी ते उलटून बघतात. तिथे मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे.

आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते बरोबरच असतात. हीच अडचण आहे. चुकीचं बोलणाऱ्याला हसून सोडून देता येतं. बरोबर बोलणाऱ्याचं काय करायचं? मागे एका स्टॉलवर एक बाई पैठणीचा पदर अंगावर टाकून आरशात बघत होत्या. पाकीट उघडलेलं, भाव ठरलेला. आमचे गृहस्थ शेजारून गेले, थांबले, आणि परवानगी न घेता पदराचं टोक उलटं केलं. मागच्या बाजूला सुटलेल्या धाग्यांची नुसती दाटी. ‘हातमागाची असती तर पदर दोन्हीकडून सारखाच दिसला असता, ताई. मोर इकडूनही मोर आणि तिकडूनही मोर. यंत्राच्या पैठणीत धागे असे मागे तरंगत राहतात. छान आहे, घ्या, पण येवल्याची म्हणून घेऊ नका.’ पाकीट मिटलं. त्या क्षणी स्टॉलवाल्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते वाचायला मात्र काहीही उलटून बघावं लागलं नाही.

स्वतः ते काही घेत नाहीत. हा कंजूषपणा आहे असं म्हणणं सोपं आहे, आणि त्यांच्या सौभाग्यवती तसं म्हणतातही. पण माझ्या मते त्यांना वस्तू नकोच असते. त्यांना हवी असते ती त्या वस्तूविषयी बोलायची संधी, आणि एकदा वस्तू विकत घेतली की संभाषण संपतं. म्हणून ते किंमत विचारतच नाहीत. विचारतात ते असं : ‘रंग वनस्पतीचा की डबीतला?’ ‘ठसा सागाचा का?’ ‘माती कुठली?’ वारली चित्रांच्या मगांच्या स्टॉलवर तर ते अर्धा तास काढतात. तिथे संगणकातली नोकरी सोडून या व्यवसायात उतरलेली एक पोरगी बसलेली असते. तिला ते सांगतात की मूळ वारली चित्र म्हणजे लग्नघरातल्या भिंतीवरचा चौक; गेरूवर तांदळाच्या पिठाने तो सुवासिनी काढायच्या, मधे पालघाट देवी; आणि पुरुषांपैकी ज्यांनी रोज उठून हे काम केलं ते जिव्या सोमा म्हसे, २०११ला पद्मश्री. पोरगी मान डोलावत असते. तिला हे सगळं ठाऊक असतं, मगाबरोबर ती जो कागद देते त्यावर हेच छापलेलं असतं. ‘भिंतीवरचं दैवत तुम्ही चहाच्या कपावर आणलंत,’ असं म्हणून ते पुढे होतात. मग उलटा करून झालेला असतोच.

कोल्हापुरी चपलांच्या स्टॉलवर गेल्या वर्षीपासून त्यांना नवं बळ आलं आहे. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि इकडे गदारोळ झाला, तेव्हापासून चप्पल हातात घेतल्याबरोबर ते खालच्या आवाजात विचारतात, ‘काय, कळवलं का तुम्हाला त्यांनी काही?’ जणू प्राडाचा माणूस काल रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला येऊन गेला. मग २०१९चं जीआय मानांकन येतं. ते एकट्या कोल्हापूरला नसून आठ जिल्ह्यांना मिळून आहे, हे ते बोटांवर मोजून दाखवतात : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. आठवं बोट मिटेपर्यंत चपला बघायला आलेलं जोडपं निघून गेलेलं असतं. चपलेवाला मात्र शांत. ‘बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं आहे ना?’ या प्रश्नाला तो ‘व्हय’ एवढंच म्हणतो. एका शब्दात पाहुणा खूश होत असेल तर दुसरा कशाला खर्च करा?

चिंचोका हा या गृहस्थांचा हुकमी पत्ता. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तिने लोकर कडक होते, हे त्यांनी कधीतरी एका धनगर विणकराकडून ऐकलं आणि मनात ठेवलं. तेव्हापासून घोंगडीच्या स्टॉलवर ते पहिलाच प्रश्न टाकतात, ‘खळ चिंचोक्याची ना?’ घोंगडीवाला दाद देतो. त्या जोरावर पुढच्या स्टॉलवरच्या टेराकोटाच्या कानातल्यांकडे बोट दाखवूनही त्यांनी तेच विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, ‘नाही काका, फेव्हिकॉल.’

मैदानाच्या मधोमध चित्रकारांची प्रात्यक्षिकं चालतात. कोणी पंधरा मिनिटांत पेन्सिलने व्यक्तिचित्र काढून देतो, कोणी समोरच्या गुलमोहराचं जलरंगातलं चित्र करतो. जलरंग वाळायच्या आत काम उरकायचं असतं. अशा वेळी चित्रकाराला बोलायला लावणं म्हणजे पापच. पण आमचे गृहस्थ नेमके ओल्या आभाळाच्या वेळी मागे येऊन उभे राहतात. ‘जलरंग म्हणजे हळदणकर,’ असं ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणतात. मग मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र. ते राजा रवि वर्म्याचं नव्हे, सावळाराम हळदणकरांचं. आणि तैलरंग नव्हे, जलरंग. आणि समोर बसवलेली त्यांची स्वतःची मुलगी. गर्दीतला एखादा चुकून म्हणतो, ‘अरे, मला वाटायचं रवि वर्म्याचं.’ बास. एवढ्यासाठीच तर ते वर्षभर थांबलेले असतात. तोवर चित्रकाराचं आभाळ वाळून त्यात कडा उमटलेल्या असतात. या चित्राची मागची बाजू मात्र त्यांना बघता येत नाही, कारण कागद बोर्डाला चिकटपट्टीने डकवलेला असतो. चित्रकारांनी ही पद्धत का काढली असेल याचा मला थोडा संशय आहे.

पण त्यांचं खरं तीर्थ म्हणजे कोपऱ्यातला सावंतवाडीचा स्टॉल. पुढच्या फळीवर लाकडी वांगी, केळी, कैऱ्या. लहान मुलं चावून बघतात इतकी खरी. मागे रंगवलेल्या डब्यांत गंजिफा. तळहातात मावणारे गोल पत्ते, रोगणाने चकचकीत. हे पत्ते म्हणजे आमच्या गृहस्थांसाठी जन्मभराची तरतूद आहे, कारण इथे सांगण्यासारखं इतकं आहे की बापड्याला कुठून सुरुवात करावी कळत नाही. दशावतारी गंजिफात रंग चार नव्हेत, दहा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचा एक. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, म्हणजे एकंदर १२० पत्ते. त्यातही निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा. हे ऐकून जमलेल्या माणसांच्या डोळ्यांत जी धांदल दिसते, तिच्यावर ते बारीक हसतात. मग शेवटचा बाण : ‘आणि डाव दिवसा सुरू झाला तर उतारी रामाची. रात्री कृष्णाची!’

एकदा असं झालं की स्टॉलवरचा चितारी चहाला निघाला आणि म्हणाला, ‘काका, पाच मिनिटं बसता?’ मला वाटतं, हा त्यांच्या आयुष्यातला सर्वोच्च सन्मान होता. शबनम काढून ठेवून ते स्टुलावर बसले. वेळ साडेसहाची. दिवे लागलेले, पण आभाळात उजेड. पहिल्याच गिऱ्हाइकाने, एका कॉलेजातल्या मुलाने, विचारलं, ‘मग काका, आत्ता कोणाची? रामाची की कृष्णाची?’

गृहस्थांनी आभाळाकडे बघितलं. दिव्याकडे बघितलं. ‘सूर्यास्त किती वाजता आहे आज?’ त्यांनी विचारलं. कोणीतरी मोबाईल काढला. कोणीतरी म्हणालं, कालनिर्णय बघा. एक आजोबा म्हणाले, संधिकालात पत्ते खेळूच नयेत. यावर दुसऱ्यांनी हरकत घेतली. शेजारच्या गोधड्यांच्या स्टॉलवरची गर्दीही इकडे सरकली. मग चर्चा सावंतवाडीच्या दरबारावर गेली. मरायला टेकलेली ही कला १९७०च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्यांकडून शिकून घेऊन राजवाड्यातच पुन्हा कशी उभी केली, हे गृहस्थांनी असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, रंग कालवायला हेच होते. तासाभरात पंचवीस-तीस माणसं दहाही अवतार क्रमाने म्हणू शकत होती.

चितारी परत आला. गल्ल्यात जेवढे पैसे ठेवून गेला होता तेवढेच होते. एक मुलगी डबा हातात धरून बराच वेळ उभी होती म्हणे. पण काकांनी तिला सांगितलं, ‘नीट विचार कर. खेळता येत नसेल तर नुसतं शोकेसमध्ये ठेवायला घेऊ नकोस.’ तिने नीट विचार केला आणि गेली.

निघताना ते प्रत्येक कारागिराचं कार्ड मागून घेतात. घरी त्यांचा एक खण या कार्डांनी भरलेला आहे : पिंगुळी, येवला, पैठण, बिदर, अजरखपूर. फोन एकालाही केलेला नाही. सौभाग्यवती त्यांच्याबरोबर येतात, पण मैदानात शिरताक्षणी वेगळ्या होतात. त्यांना मागची बाजू बघायची हौस नाही. दोन फेऱ्यांत तोरण, पणत्या, नातवासाठी लाकडी केळं आणि सुनेसाठी साडी, एवढं घेऊन त्या फाटकाशी रिक्षा थांबवून ठेवतात. ‘कितीला पडलं?’ असं त्यांनी विचारलं तर आकडा निम्मा करून सांगतात. तरी ते म्हणतात, ‘महाग घेतलंस.’

शेवटच्या रात्री मी त्या चिताऱ्याला विचारलं, असल्या माणसांचा वैताग येत नाही का? तो वांगी वर्तमानपत्रात गुंडाळत होता. म्हणाला, ‘वैताग कसलो? दरवर्सा येतत, दोन तास बोलतत. आमच्या पोरांनी पण येवढा कधी इचारूक नाय. एक वर्स इले नाय, तर आमकाच चुकल्यासारखा वाटला.’ मग दोरीची गाठ दाताने आवळत म्हणाला, ‘पण पंधरा वर्सात एक केळा तरी घेवचा की नाय?’