सेंट अँटनचे साहेब

ऑस्ट्रियात, टिरोलच्या पश्चिम टोकाला, सेंट अँटन नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथे जगभरातून माणसं स्की करायला येतात, आणि साहेबही येतात. साहेब म्हणजे कोणी एक इसम नव्हे. फेब्रुवारीत गावातल्या घरगुती लॉजांमध्ये असा एखादा इंग्रज गृहस्थ हमखास सापडतो. अंगात रंग विटलेलं जाकीट, टोपीवर रुपेरी बिल्ला. टिरोलमध्ये वर्षानुवर्षं येणाऱ्या पाहुण्यांचा रीतसर सत्कार करतात, बिल्ला लावतात, वर श्नाप्स पाजतात. (आपल्याकडे असं केलं तर पाहुणे परत जायचेच नाहीत.) बिल्ला मिळाल्यापासून साहेब स्वतःला गावकरी समजतात.

न्याहारीला तुम्ही पावाला लोणी लावत असता, तेवढ्यात ते विचारतात, "पहिल्यांदाच आलात?" हो म्हटलं की त्यांचा चेहरा सुतकी होतो. "मग खरं सेंट अँटन तुम्ही पाहिलंच नाही."

आता हे खरं सेंट अँटन संपलं कधी? तर २०१६ साली नवा रोपवे झाला आणि शेजारच्या झ्यूर्स गावाकडची गर्दी इकडे लोटली तेव्हा. पण ते त्याआधीही एकदा संपलं होतं. २००१ च्या जागतिक स्पर्धेसाठी गावाच्या मधली रेल्वे उचलून कडेला नेली होती ना! साहेब अजून पत्ता सांगतात तो जुन्या स्टेशनावरून, आणि नवखी माणसं खांद्यावर स्की घेऊन ते स्टेशन हुडकत हिंडतात. मुळात वाटोळं व्हायला सुरुवात झाली १९३७ सालीच, गाल्त्सिगच्या डोंगरावर रोपवे गेला तेव्हा. साहेबांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण दुःख ताजं आहे. गणपतीला कोकणात आलेला चाकरमानी ओटीवर बसून जे बोलतो तेच हे, फक्त इंग्रजीत.

हानेस श्नायडरला साहेब नुसतं 'हानेस' म्हणतात, जणू दोघं एका ताटात जेवले होते. श्नायडर घाटापलीकडच्या श्टुबेनचा. त्याने १९२१ साली इथे स्कीची शाळा काढली. गुडघे वाकवून, खाली दबून वळायची त्याची पद्धत जगभर गेली. १९२८ मध्ये अर्नोल्ड लन या इंग्रजाबरोबर त्याने इथे शर्यत सुरू केली. त्या शर्यतीमुळे गावावर आपला वडिलोपार्जित हक्क आहे, असं साहेबांचं मत. १९३८ मध्ये नाझींनी श्नायडरला अटक केली आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला, हे सांगताना साहेबांचा गळा खरोखर दाटतो. मग लगेच तुमच्या पायांकडे बघून म्हणतात, "हानेसने हे गुडघे असे ताठ ठेवू दिले नसते."

साहेब स्वतः स्की करतात का? हवा जमली तर. ताजा बर्फ पडला की हिमकडा कोसळायची भीती, जुना असला की त्याची काच झालेली. ऊन पडलं की दुपारी चिखल, ढग आले की उंचसखल कळत नाही. त्यामुळे अकराच्या सुमारास ते डोंगरावरच्या खानावळीत काइझरश्मार्न, म्हणजे कुस्करलेला गोड जाड पॅनकेक, खाताना सापडतात. मात्र दिवसातून एकदा उतरतात, आणि ते बघावं. दोन्ही पाय जुळलेले, घाई नाही, आवाज नाही. भरधाव जाणारी तरणी पोरंही थबकतात. खाली पोचल्यावर साहेब म्हणतात, "बर्फ भिकार आहे."

दुपारी चारला उतारावरच्या बारमध्ये पोरंपोरी स्कीचे बूट घालूनच टेबलांवर नाचतात. साहेबांना ही शुद्ध अधोगती वाटते. ती नीट दिसावी म्हणून ते खिडकीजवळची जागा धरून बसतात.

जर्मन त्यांना 'ग्र्यूस गॉट' म्हणण्यापुरतं आणि बिल मागण्यापुरतं येतं. मालकीणबाई इंग्रजीत उत्तर देतात, दरवर्षी तीच खोली देतात आणि दरवर्षी भाडं वाढवतात. साहेबांची कोणाकडे तक्रार नाही, कारण गावकरी आपल्याच गावाची तक्रार परक्याकडे कशी करणार?

यंदा त्यांच्या टेबलावर हॉलंडच्या एक आजीबाई आल्या. टोपीवर बिल्ला सोनेरी. साहेबांनी मान झुकवली, खुर्ची पुढे केली.

"आपण पहिल्यांदा कधी आलात?" बाईंनी विचारलं.

"चौऱ्याऐंशी साली," साहेब म्हणाले.

बाईंनी मीठ पुढे सरकवलं. "तोवर सगळं संपलं होतं हो."