नानी आली

शेलूबाजारच्या चौकाजवळ ज्याचं बालपण गेलं, त्याची शांततेशी ओळख पाठ्यपुस्तकातूनच झालेली असते. इकडून नागपूर-औरंगाबाद हमरस्ता, तिकडून अकोला-मंगरूळपीर रस्ता. रात्री तीन वाजताही एखाद्या ट्रकवाल्याला हॉर्नमध्ये भरलेली अख्खी चाल वाजवल्याशिवाय चौक ओलांडवत नसे. मग ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या गावाला वळसा घालून जाऊ लागल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आबा ओसरीवर पाय पसरून तृप्त आवाजात म्हणाले, "गाव कसं चूप झालं नाई?" शेजारची मिरचीची चक्की त्या क्षणी ऐन भरात होती.

म्हातारपणीचं ऐकू न येणं वीज गेल्यासारखं येत नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरावं तसं ते येतं. रोज पाणी शेंदणाऱ्याला कळत नाही, बाहेरगावाहून आलेल्याला मात्र एकदम चार पायऱ्या जास्त उघड्या दिसतात. तो बाहेरगावचा मी. आबांचा मात्र एकच दावा होता की त्यांना ऐकू येतं, हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. आणि गंमत म्हणजे तो दावा सगळाच खोटा नव्हता. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात आणि वय झालं की आधी उंच स्वर टिपणाऱ्या पेशी झडतात. त्यामुळे स, फ, त, प ही हलकी व्यंजनं गळून पडतात आणि स्वर तेवढे भरीव उरतात. शब्द येतो, पण टरफल काढलेला. माणसाच्या या पेशी पुन्हा उगवत नाहीत, कोंबडीच्या उगवतात. आमच्या अंगणात दिवसभर उकरत फिरणाऱ्या त्या बिनडोक कोंबडीला निसर्गानं ही सवलत का द्यावी, हे मला अजून उमगलेलं नाही.

एका सकाळी आजी न्हाणीतून ओरडली, "पानी आलं!" आबा उठले, खुंटीवरची धुतलेली टोपी डोक्यावर ठेवली, सदरा सारखा केला आणि दारात जाऊन उभे राहिले. "नानी आली? कवा आली?" नानी म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला जाऊन दहा वर्षं झाली होती. आम्ही हसलो. मग आबांनीही ओळखलं आणि टोपी न काढताच बादली उचलली. त्यांनी रस्त्याकडे ज्या लगबगीनं पाहिलं होतं, ती मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

घरात आम्ही सगळे मोठ्यानं बोलायला शिकलो. पण ओरडून फक्त कामाचं बोलता येतं. गोळी घेतली का, जेवता का, तुरीला भाव काय आला. आभाळ आज पिंजलेल्या कापसासारखं झालंय, हे कोणी ओरडून सांगत नाही. माया तर मोठ्या आवाजात सांगितली की भांडणासारखीच वाटते. हळूहळू आबा पारावर जाईनासे झाले. चार जण हसले की आपणही हसायचं, पण जरा उशिरा, याचा त्यांना कंटाळा आला असावा. मागच्या पावसाळ्यात ते न्हाणीत घसरले, तेव्हा डॉक्टरांनी गुडघा पाहून झाल्यावर कानाची चौकशी केली. आम्हाला वाटलं, डॉक्टर वाट चुकले. पण अमेरिकेत फ्रँक लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं होतं, की थोडंसं कमी ऐकू येणाऱ्यांमध्येही पडण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट असतं. शब्द जुळवण्यातच मेंदू इतका गुंततो, की पायांकडे पाहायला त्याला सवड उरत नाही असं म्हणतात. 'लॅन्सेट'च्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं आहेत, त्यांत कमी ऐकू येणंही आहेच.

पण श्रवणयंत्राला आबांचा कडवा विरोध. "लोकं काय म्हनतीन, बुढा बहिरा झाला?" जे अख्ख्या शेलूबाजारला ठाऊक होतं, ते यंत्रामुळे उघड होईल ही त्यांची भीती! जाड भिंगाचा चष्मा लावून हेच आबा रुबाबात पेपर वाचतात. चष्मा हुशारीचा आणि यंत्र म्हातारपणाचं, ही वाटणी कोणी केली कोण जाणे. राज्य सरकारच्या वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना ३००० रुपये मिळतात. चष्मा, काठी, कमरेचा पट्टा आणि श्रवणयंत्र एकाच यादीत बसतात. आबांचा कल पट्ट्याकडे होता, कारण तो सदऱ्याखाली लपतो.

अखेर अकोल्याला कान तपासले, पदरचे पैसे घालून यंत्र आलं. पहिल्या दिवशी आबा घरभर फिरले आणि सारखे मागे वळून पाहत राहिले. "हे कोन फरफर करत माह्या मांगं चालून राह्यलं?" ती त्यांचीच चप्पल होती. पंधरा वर्षांनी भेटलेली. आजीची मात्र पंचाईत झाली. आबांच्या पाठीमागे पुटपुटत मन मोकळं करायची तिला सवय जडली होती. ती आठ दिवस गप्पच होती. नवव्या दिवशी आबाच म्हणाले, "काय वं, बोलत काहून नाही? मशीन काढून ठिवू काय?"

परवा मी गावी होतो. सकाळी नळ आला. आजी आता ओरडत नाही, ती न्हाणीतूनच साध्या आवाजात म्हणाली, "पानी आलं." आबांनी नीट ऐकलं. उठले. क्षणभर दाराकडे पाहिलं, हात खुंटीपर्यंत गेला, तिथे थोडा थांबला आणि मग त्यांनी बादली उचलली.