इथे कुणी येतच नाही!

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर सहा माणसांत एक जण कुठल्या ना कुठल्या अपंगत्वासह जगतो. आपल्या 2011 च्या जनगणनेत हे प्रमाण निघालं 2.21 टक्के. म्हणजे पंचेचाळिसात एक. साजूक तुपाचा गुण म्हणायचा की पूर्वजांची पुण्याई?

गुण प्रश्नाचा.

ही व्यक्ती शारीरिक वा मानसिकदृष्ट्या अपंग आहे का, असं तेव्हा थेट विचारलं होतं. घरात मुलगी लग्नाची असताना दारात मोजणीला आलेल्या मास्तरांना कोणता बाप 'हो' म्हणून सांगेल? आणि गुडघे गेलेली आजी? ती अपंग कुठे, ती तर नुसती म्हातारी!

एवढं लपवूनही देशात 2 कोटी 68 लाख माणसं नोंदली गेलीच. त्यांतली साडेएकोणतीस लाखांहून अधिक महाराष्ट्रातली. ती तहसील कचेरीत, बँकेत, नाट्यगृहात कधी दिसतात? मग साहेब तरी काय खोटं बोलतात? "अहो, इथे कुणी येतच नाही. रॅम्प कशाला?"

पायऱ्या चढून तक्रार करायला कुणी आलं नाही, एवढाच पुरावा.

जिथे रॅम्प आहेत तिथे तर जास्तच जपून. नियम एकास बाराचा. तीन पायऱ्यांची दीड फूट उंची गाठायला अठरा फूट लांबी हवी. आपला ठेकेदार ते काम चार फुटांत उरकतो. वर जायला ढकलणारे दोघे लागतात. खाली यायला कुणीच लागत नाही.

फुटपाथवर अंधांसाठी उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा बसवतात. त्या धरून चालत गेलं की थेट विजेच्या खांबाची गळाभेट. राखीव स्वच्छतागृहाच्या दारावर व्हीलचेअरचं चित्र, कडीला कुलूप आणि आत झाडू.

झाडूंची सोय मात्र उत्तम.

अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे ना! 2016 चा. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. नियम आल्यापासून पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती सुगम करा, असा हुकूमही झाला. नियम आले जून 2017 मध्ये. 2022 मध्ये मुदत संपली. पायऱ्या तिथेच.

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं की कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र नुसती शिफारस करतात, हे चालणार नाही. तीन महिन्यांत सक्तीचे निकष आणा. मूळ याचिका 2005 ची. 'करा' आणि 'केलंत तर बरं' यांतला फरक कळायला एकोणीस वर्षं लागली.

2023 मध्ये मुंबईत व्हीलचेअरवरच्या नवरीला विवाह नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती आणि साहेब खाली यायला तयार नव्हते. नवरीला चढता येत नव्हतं, हे समजलं. साहेबांना उतरता येत नव्हतं, ते कुठल्या प्रकारात बसतं? एकविसांत तरी सापडत नाही.

कायदा मोडला तर पहिल्या खेपेला दंड दहा हजार रुपयांपर्यंत. लिफ्ट बसवायची तर लाखो. यातलं स्वस्त काय, हे कुठलाही कारकून सांगेल. शिवाय तो दंड करा म्हणून सांगायला कुणीतरी आधी वरच्या मजल्यावर पोहोचायला हवं!